उसना सूर आणि त्याचें ऋण

संगीताला देश नसतो, हें वाक्य अलीकडे इतक्या वेळां आणि इतक्या समाधानानें कानीं पडतें कीं, तें खरें आहे कीं नाहीं हें तपासण्याची कोणाला गरजच वाटेनाशी झाली आहे. सभेच्या अध्यक्षाला तें भाषणाच्या आरंभीं उपयोगी पडतें, ध्वनिमुद्रिका विकणाऱ्याला तें वेष्टनावर छापतां येतें, आणि परीक्षणकाराला तें पुष्कळशा श्रमांतून मुक्त करतें. या वाक्याला विरोध करण्यासाठीं हा लेख आहे. संगीताला देश असतो, गांव असतें, घराणें असतें, आणि बहुतेक वेळां गाणाऱ्याचें नांवहि असतें. ज्या संगीताला देश नाहीं असें आपण म्हणतों, त्याचा देश पुष्कळदां आपणच पुसून टाकलेला असतो.

हा वाद नुसता हवेंत घालण्यांत अर्थ नाहीं. तो एका कलावंताच्या कृतींवर घासून पाहावा, म्हणून जॉन हॅसेल या अमेरिकन संगीतकाराच्या ध्वनिमुद्रिका येथें विचारासाठीं घेतों. टेनेसी राज्यांतील मेंफिस शहरीं १९३७ सालीं त्याचा जन्म झाला आणि २०२१ सालीं तो निवर्तला. मुळांत तो ट्रंपेटवादक. परंतु विजेच्या यंत्रांतून आपल्या वाद्याचा सूर गाळून घेऊन, त्याच्याभोवतीं आफ्रिका, ब्राझील, हिंदुस्थान व जावा येथील नाद रचून त्यानें जें संगीत निर्माण केलें, त्याचा ठसा पाश्चात्य संगीतावर खोल उमटला आहे. आमच्याकडे त्याचें नांव जाणणारे थोडे. पण ज्या जातीच्या संगीताचा तो एक आद्य प्रवर्तक, तें आज योगवर्गांतून, उपाहारगृहांतून आणि झोप न येणाऱ्यांच्या उशाशीं अखंड वाजत असतें. हॅसेलची निवड करण्याचें कारण असें कीं, उसन्या सुरांच्या व्यवहारांत जें उत्तम घडूं शकतें त्याचे आणि जें अनुचित घडतें त्याचेहि नमुने त्याच्या एकाच कारकीर्दींत सांपडतात. तो केवळ चोर असता, किंवा केवळ साधु असता, तर त्याच्याविषयीं लिहिण्यासारखें फारसें उरलें नसतें.

प्रथम या संगीताची जात सांगितली पाहिजे. इंग्रजींत ज्याला 'अँबियंट' म्हणतात त्याला आपण वातावरण-संगीत म्हणूं. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारानें १९७८ सालीं विमानतळांसाठीं म्हणून एक ध्वनिमुद्रिका काढली आणि या प्रकाराला हें नांव रूढ करून दिलें. लक्ष दिलें तर ऐकण्यासारखें, आणि न दिलें तर खोलींतल्या उजेडासारखें नुसतें असणारें, असें हें संगीत. त्यांत समेवर येण्याची ओढ नसते, बंदिश नसते, तानांची आतषबाजी नसते. आमच्या कानांना तें अगदींच परकें वाटूं नये. मैफलींत तंबोरे जुळल्यानंतर आणि गायकानें तोंड उघडण्यापूर्वीं जे कांहीं क्षण जातात, ते ताणून तासभर केले तर जें होईल त्याच्या जवळपासचें हें आहे. मात्र त्या क्षणांना पुढें येणाऱ्या गाण्याचा आधार असतो. येथें कित्येकदां गाणें येतच नाहीं. आणखी एक गोष्ट. वातावरणाला कर्ता नसतो. खोलींत आलेला वारा कोणाचा, असें कोणी विचारीत नाहीं. त्याचप्रमाणें, जें वाजत आहे तें कोणी वाजविलें हें विचारावयाचें नाहीं, असा जणूं या प्रकाराचा शिष्टाचारच होऊन बसला आहे. माझ्या तक्रारीचें मूळ या शिष्टाचारांत आहे.

हॅसेलची तयारी मोठी होती. रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीतविद्यालयांत तो शिकला; जर्मनींत कोलोन येथें कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन याच्यापाशीं त्यानें अगदीं नव्या वळणाच्या युरोपीय संगीताचे धडे घेतले; टेरी रायलीच्या 'इन सी' या रचनेच्या १९६८ मधील पहिल्या ध्वनिमुद्रणांत त्याचा ट्रंपेट आहे. इतकें सर्व झाल्यावर तो पुन्हां विद्यार्थी झाला. १९७० सालीं न्यूयॉर्कला गेलेले पंडित प्राणनाथ त्याला गुरु म्हणून लाभले. प्राणनाथ हे किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. महाराष्ट्रीय वाचकांना हा धागा ओळखीचा वाटेल. कारण हिराबाई बडोदेकर यांनाहि तालीम मिळाली ती याच वहीद खाँसाहेबांची. म्हणजे आमच्या हिराबाई आणि प्राणनाथ हीं एका गुरूचीं लेकरें. मिरजेंत राहून ज्यांनीं आमच्या आजोबा-पणजोबांना सुराचें वेड लावलें ते अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं वारले. त्याच वर्षीं मिसिसिपीच्या कांठीं जन्मलेल्या एका मुलानें पुढें त्यांच्याच घराण्याचा सूर आपल्या पितळी वाद्यावर चढविण्याचा ध्यास घेतला.

हा ध्यास किती अवघड होता हें ट्रंपेटची घडण पाहिल्यावांचून कळणार नाहीं. त्या वाद्याला तीन कळा असतात. त्या दाबल्या कीं सूर एकेका पायरीनें खालीं-वर होतो. मींड ही पायरी नव्हे. ती उतरण आहे. एका सुरावरून दुसऱ्या सुराकडे जातांना मधली सारी वाट ऐकूं आली पाहिजे, आणि त्या वाटेवर कोठें किती रेंगाळावें यांतच रागाचा प्राण असतो. तेव्हां हॅसेलनें कळांवरील भिस्त कमी केली आणि ओठांच्या ताणानें व श्वासाच्या दाबानें, जणूं शंख फुंकावा तसा, सूर वळवावयास तो शिकला. वर्षानुवर्षें मिळविलेलें कौशल्य त्याला बाजूला ठेवावें लागलें. या मेहनतीचें पहिलें परिपक्व फळ म्हणजे १९७७ ची 'व्हर्नल इक्विनॉक्स', म्हणजे 'वसंतसंपात', ही ध्वनिमुद्रिका. तीत ट्रंपेट ओळखूं येत नाहीं. कोणी दूरवर, किंचित् भरल्या गळ्यानें आलाप करीत आहे असा भास होतो. पुढें यंत्राच्या साहाय्यानें एकाच फुंकरींतून समांतर सुरांची जोडी काढण्याची त्याची खास पद्धति प्रसिद्ध झाली. परंतु यंत्र त्या आलापाला रंग देतें, वळण देत नाहीं. वळण गुरूचें आहे.

याला मी उसनें घेणें म्हणत नाहीं. याला मी शिकणें म्हणतों. उसनी वस्तु जशीच्या तशी हातांत राहते, आणि हातहि जसाच्या तसा राहतो. विद्या शिकणाराचा हातच बदलून टाकते. प्राणनाथांपाशीं बसलेला हॅसेल हिंदुस्थानी झाला नाहीं, होऊं पाहतहि नव्हता. पण ईस्टमनचा पदवीधर म्हणून तो जसा होता तसाहि राहिला नाहीं.

येथें आमच्यांतील शुद्धतावाद्यांशीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. ते म्हणतील, ट्रंपेटला दरबारीशीं काय कर्तव्य? विजेच्या यंत्राला आलापाशीं काय नातें? त्यांना मी पेटीची आठवण करून देतों. हार्मोनियम युरोपांतून आली. तिच्या ठरीव स्वरांमुळें आमच्या श्रुतींचा गळा घोटला जातो या कारणास्तव आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलें. तरीहि आज तिच्यावांचून आमचें भजन होत नाहीं आणि ख्यालाची मैफलहि सहसा होत नाहीं. बालगंधर्वांच्या मागें ऑर्गन वाजत असे, आणि त्या सुरावर महाराष्ट्राची एक पिढी डोलली. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तेव्हां त्यांना कानडी चाली वर्ज्य नव्हत्या. अब्दुल करीम खाँसाहेबांनीं कर्नाटक पद्धतीच्या सरगमाचें मर्म आत्मसात् केलें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचा हिशेब मांडीत होते, तेव्हां त्या कामीं खाँसाहेबांचा कान उपयोगी पडला. मिश्रण हें पाप असेल तर आमच्या नाट्यसंगीताला कोणत्या नरकांत जागा द्यावी, याचा विचार शुद्धतावाद्यांनीं आधीं करून ठेवावा. माझा वाद मिश्रणाशीं नाहीं. मिश्रण ज्या रीतीनें होतें तिच्याशीं आहे.

आतां नाण्याची दुसरी बाजू. १९८० सालीं ईनोबरोबर काढलेल्या 'पॉसिबल म्युझिक्स' या ध्वनिमुद्रिकेवर हॅसेलनें एक नवें नांव छापलें: 'चौथें जग'. जगांतील निरनिराळ्या लोकांच्या संगीतशैली आणि अत्याधुनिक यंत्रतंत्र यांचा मेळ घालून, एकाच वेळीं आदिम आणि भविष्यकालीन वाटेल असा नाद निर्माण करावयाचा, अशी त्याची कल्पना. नांव मोठें आकर्षक आहे. परंतु याच नांवाचें एक पुस्तक त्यापूर्वीं सहा वर्षें, १९७४ सालीं, प्रसिद्ध झालें होतें. कॅनडांतील शुस्वाप जमातीचे पुढारी जॉर्ज मॅन्युएल यांनीं तें मायकेल पोस्लन्स यांच्या साहाय्यानें लिहिलें. त्या पुस्तकांतील चौथें जग म्हणजे ज्यांच्या भूमीवर दुसऱ्यांचीं राष्ट्रें उभीं राहिलीं आणि जे आपल्याच देशांत परके झाले, ते मूळ रहिवासी. हॅसेलनें तें पुस्तक पाहून नांव उचललें असें मी म्हणत नाहीं. माझ्या मुद्द्याला त्याची गरजहि नाहीं. दोन अर्थ शेजारीं शेजारीं ठेवले कीं पुरे. एका चौथ्या जगांत माणसें आहेत, मोडलेले करार आहेत, जमिनीचे दावे आहेत. दुसऱ्या चौथ्या जगांत केवळ नाद आहेत. पहिल्यांतून माणसें वजा केलीं म्हणजे जें उरतें तें दुसरें.

आणि 'आदिम' हें विशेषण तर कांहीं केल्या गळीं उतरत नाहीं. मध्य आफ्रिकेच्या अरण्यांतील आका लोकांच्या समूहगायनांत अनेक कंठ आपापली ओळ स्वतंत्रपणें गुंफीत एकाच वेळीं गातात. त्या गुंतागुंतीचा उलगडा करण्यांत सिम्हा आरोम या संशोधकानें आयुष्याचीं कित्येक वर्षें घालविलीं, आणि २००३ सालीं युनेस्कोनें त्या गायनाला मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. जावांतील गमेलान तर राजवाड्यांतून वाढलेलें, शिष्टाचारानें बांधलेलें दरबारी संगीत. यांना आदिम म्हणणें म्हणजे आपल्याला ज्याचें व्याकरण ठाऊक नाहीं त्या भाषेला बडबड म्हणण्यासारखें आहे.

'पॉसिबल म्युझिक्स'मध्यें वाजविणाऱ्या माणसांचीं नांवें आहेत. ब्राझीलचा नाना व्हास्कोन्सेलोस आणि सेनेगालचा आइब डिएंग हे दोघे तीत आमच्या दक्षिणेकडचा घटम् वाजवितात, आणि तो सुरेख वाजवितात. हा मेळ मला मनापासून आवडतो. परंतु त्याच ध्वनिमुद्रिकेंतील एका तुकड्याचें नांव 'बा-बेंझेले' असें आहे. बा-बेंझेले हा अरण्यवासी लोकांचाच एक समूह. आणि वादकांच्या यादींत त्या समूहांतील मनुष्य एकहि नाहीं. लोकांचें नांव शीर्षकापर्यंत आलें. माणूस मात्र दाराबाहेर राहिला.

पुढच्या वर्षींची 'ड्रीम थिअरी इन मलाया' हिची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हें नांव किल्टन स्ट्यूअर्ट या अमेरिकनाच्या एका निबंधावरून घेतलेलें. मलायांतील सेनोई लोक आपल्या स्वप्नांना वळण लावतात, सकाळीं घरोघर स्वप्नांची चर्चा करतात आणि त्या योगें त्यांचें सामाजिक जीवन शांततेचें होतें, असें स्ट्यूअर्टचें प्रतिपादन. अमेरिकेंतील तरुणांना ही कल्पना फार भावली. परंतु विल्यम डॉमहॉफ यानें १९८५ सालीं पुराव्यानिशीं दाखवून दिलें कीं, स्ट्यूअर्टनें वर्णिलेली ही स्वप्नविद्या सेनोईंमध्यें तशी आढळत नाहीं. हॅसेलनें संगीत रचलें तेव्हां डॉमहॉफचें पुस्तक निघालेलें नव्हतें, हें न्यायाला धरून सांगितलें पाहिजे. म्हणून त्याच्या अज्ञानाला मी दोष देत नाहीं. मी त्या व्यवहाराच्या दिशेकडे बोट दाखवितों. एका अमेरिकनानें कल्पिलेल्या सेनोईंवर दुसऱ्या अमेरिकनानें संगीत रचलें, आणि सेनोईंना मध्यें बोलण्याचा प्रसंगच आला नाहीं. एका जरी सेनोई माणसाला स्टुडिओंत बसवून विचारलें असतें, तर "आमच्याकडे असें कांहीं नाहीं" एवढें उत्तर कदाचित् त्याच दिवशीं मिळालें असतें.

१९८३ च्या ध्वनिमुद्रिकेचें नांव 'आका/दरबारी/जावा'. तिरप्या रेघांनीं जोडलेलीं तीन नांवें: एक लोकसमूह, एक राग आणि एक बेट. या तिहींना एका पंक्तींत बसविण्यांत समतेचा भास आहे. पण त्यांचें नातें हॅसेलशीं सारखें नव्हतें. दरबारीच्या पाठीशीं गुरु होते. कोमल गंधार कितपत आंदोलित करावा, तो कोठें थांबला तर दरबारी राहतो आणि कोठें घसरला तर दुसराच राग डोकावतो, हें सांगणारा, चुकल्यावर हात वर करून थांबविणारा एक जिवंत मनुष्य होता. आका आणि जावा यांच्याशीं नातें जुळलें तें मुख्यतः ध्वनिमुद्रणांच्या द्वारें. आणि हा भेद केवळ नीतीचा नाहीं, तो कानाला कळतो. ट्रंपेटची ओळ क्षणोक्षणीं निर्णय घेत पुढें सरकते, अडते, वळते. तिच्या भोवतालचे यंत्रांतून उचललेले तुकडे मात्र त्याच त्याच फेऱ्यांत घुमत राहतात. एकीकडे संवाद आहे, दुसरीकडे सजावट.

ही वाट कोठें जाते हें पुढच्या दशकानें दाखवून दिलें. सॉलोमन बेटांपैकीं मलाइता बेटावरील अफुनाक्वा नांवाच्या एका स्त्रीनें गाइलेलें अंगाईगीत ह्यूगो झेंप या संशोधकानें १९७० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलें. युनेस्कोच्या मालेंत तें प्रसिद्ध झालें. १९९२ सालीं 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीनें तो आवाज उचलून, त्याला यंत्राचा ठेका जोडून, एक गाणें केलें. तें जगभर गाजलें, लाखांनीं खपलें. अफुनाक्वाचें नांव त्यावर नव्हतें. मग १९९६ सालीं यान गार्बारेक या नॉर्वेच्या नामांकित वादकानें तीच चाल घेतली आणि तिला 'पिग्मी अंगाई' असें नांव दिलें. पॅसिफिक महासागरांतील बेटावरची आई अशा रीतीनें मध्य आफ्रिकेच्या अरण्यांत जाऊन पडली. यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें मला वाटत नाहीं. आणि म्हणूनच ही गोष्ट भयंकर आहे. एकदां नांव गळलें कीं गांव गळतें, गांव गळलें कीं खंडहि बदलतें, आणि सज्जन माणसांच्या हातूनहि असत्य छापलें जातें. संगीताला देश नसतो या वाक्याचा प्रत्यक्ष अर्थ एवढाच.

तैवानांतील अमिस जमातीच्या डिफांगची कथा याच सुमाराची. १९८८ सालीं फ्रान्समध्यें तो गायिला त्याचें ध्वनिमुद्रण झालें होतें. 'एनिग्मा' या नांवानें निघालेल्या एका गाण्यांत तो आवाज परस्पर वापरला गेला, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रसिद्धीसाठींहि तें गाणें वाजलें. डिफांगनें १९९८ सालीं अमेरिकेच्या न्यायालयांत दावा लावला; पुढल्या वर्षीं तडजोड झाली आणि त्याला श्रेय मिळालें. म्हणजे ज्या आवाजाला देश नव्हता, त्याला वकील मिळतांच देश सांपडला.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला कायद्याचा: हीं गाणीं पारंपरिक आहेत, त्यांच्यावर कोणाची मालकी नाहीं. मालकी कोणा एकाची नसेल. पण कंठ एकाचाच असतो. ओवी गांवाची, पण ध्वनिमुद्रणांतील थरथर ही त्या एका बाईची, त्या दिवशींची. कायद्यानें परवानगी दिलेली प्रत्येक गोष्ट सभ्य असतेच असें नाहीं, हें सांगण्यासाठीं विधिज्ञ व्हावें लागत नाहीं. दुसरा आक्षेप कलावंताच्या स्वातंत्र्याचा: नाद हा वाऱ्यासारखा मोकळा आहे, तो ज्याच्या कानीं पडला त्याचा. या आक्षेपाचें उत्तर खुद्द हॅसेलच्या चरित्रांत आहे. १९८१ सालीं ईनो आणि डेव्हिड बर्न यांची 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स' ही ध्वनिमुद्रिका निघाली. दूरदूरच्या देशांतील आवाज उचलून ती रचलेली होती. या योजनेंत आरंभीं आपणहि होतों, आणि आपल्याला वगळून आपल्याच कल्पनेवर ती उभारली गेली, अशी हॅसेलची तक्रार होती आणि ती त्यानें मुलाखतींतून बोलून दाखविली. मला त्याची तक्रार न्याय्य वाटते. पण मग नाद वाऱ्यासारखा मोकळा कोठें राहिला? दुसऱ्याचा सूर घेतांना तो वारा, आणि आपला गेला म्हणजे ती वस्तु, हा न्याय टिकणारा नव्हे. या प्रकरणाचा शेवट मात्र चांगला आहे. २००७ सालीं ईनोनें 'गार्डियन' या इंग्रजी पत्रांत स्वतंत्र लेख लिहून आपल्यावर असलेलें हॅसेलचें ऋण जाहीरपणें मान्य केलें. शिष्ट माणसें एकमेकांचें ऋण असें मान्य करतात. प्रश्न इतकाच कीं, अफुनाक्वासाठीं असा लेख कोणीं लिहिला?

तिसरा आक्षेप उपकाराचा: या ध्वनिमुद्रिका निघाल्या नसत्या तर त्या लोकांचें संगीत जगाला कळलेंच नसतें. हा युक्तिवाद आम्हां हिंदी लोकांना फार जुन्या ओळखीचा आहे. रेल्वे आणि तारायंत्र यांच्या नांवानें तो आम्हांला दीडशें वर्षें ऐकविण्यांत आला. शिवाय तो खराहि नाहीं. ज्या गाण्यावरून सॉलोमन बेट आणि मध्य आफ्रिका यांतला फरकहि कळत नाहीं, त्यानें जगाला कोणाचें काय कळविलें?

मग उसनें घ्यावेंच नाहीं काय? अवश्य घ्यावें. माझी कसोटी एकच आहे: ज्याचा सूर घेतला, त्याला 'नाहीं' म्हणण्याची सोय होती काय? गुरु नाहीं म्हणूं शकतो. समोर बसलेला साथीदार नाहीं म्हणूं शकतो. फीत नाहीं म्हणूं शकत नाहीं. ती जशी कापावी तशी कापली जाते, जेथें जोडावी तेथें जोडली जाते. आणि ज्याच्याकडून कधीं नकार येत नाहीं, त्याच्याकडून शिकावयासहि कांहीं मिळत नाहीं. नीति आणि सौंदर्य यांचे मार्ग पुष्कळदां निराळे असतात असें म्हणतात. येथें मात्र ते एकत्र येतात. संगीताला जो जीव येतो तो दुसऱ्याच्या विरोधानें येतो.

याचा पुरावाहि हॅसेलनेंच ठेवला आहे. १९८८ ची 'फ्लॅश ऑफ द स्पिरिट' ही त्यानें बुर्किना फासोमधील 'फाराफिना' या वाद्यवृंदाबरोबर केली. महामा कोनाते यानें स्थापिलेला हा वृंद. मुखपृष्ठावर हॅसेलच्या बरोबरीनें त्याचें नांव आहे. भोपळ्यांवर बसविलेल्या लांकडी पट्ट्यांचा बालाफोन आणि जेंबे यांच्या लयीपुढें ट्रंपेटला जागोजाग माघार घ्यावी लागते, आणि या माघारींतच त्या ध्वनिमुद्रिकेचें तेज आहे. तेथें यंत्र पाहुणें आहे, यजमान नाहीं. १९९९ च्या 'फॅसिनोमा'मध्यें विजेच्या यंत्रांचा पसारा बराचसा आवरून तो रोणू मजुमदार यांच्या बांसरीशेजारीं बसला. बांसरीची मींड आणि ट्रंपेटची मींड एकमेकींशेजारून जातात, तेव्हां वीस-पंचवीस वर्षांपूर्वींची गुरुशाळा त्यांत ऐकूं येते. या दोन ध्वनिमुद्रिका आणि 'व्हर्नल इक्विनॉक्स' यांच्या पुढें 'चौथ्या जगा'च्या साऱ्या सिद्धान्ताला मी गौण मानतों. हॅसेलचा सिद्धान्त त्याच्या साधनेपेक्षां लहान होता. आणि दुर्दैव असें कीं, त्याच्या मागून आलेल्यांनीं सिद्धान्त घेतला, कारण तो फुकट होता, आणि साधना सोडली, कारण तिला वेळ लागतो.

परक्यांकडे बोट दाखवून हा लेख संपविणें सोयीचें झालें असतें. पण आमच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलींत 'पारंपरिक' हा एक शब्द आहे, त्याचें काय? कोळ्यांचें गाणें, वारल्यांचा तारपा, लावणीची जुनी चाल यांपैकीं कांहींहि उचलावें आणि त्यावर हा शब्द चिकटवावा, ही आमची रोजची रीत. आमचें 'पारंपरिक' आणि त्यांचें 'चौथें जग' हीं दोन्हीं एकाच टांकसाळींतलीं नाणीं. ज्याच्याकडे शीर्षक असतें पण सही नसते, तो आमच्याकडे 'लोक' होतो. ज्या वादकाच्या ओठाला तारपा आहे त्याचें नांव विचारण्याचें आमच्या ध्वनिमुद्रकांना सहसा सुचत नाहीं. आणि आमच्या परीक्षणकारांना तें नसल्याचें खटकतहि नाहीं.

असें करावयाचें नसेल तर काय करतां येतें, याचें उदाहरणहि आमच्याच घरीं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं पुण्यास राहून, गांवोगांवच्या स्त्रियांनीं जात्यावर गाइलेल्या ओव्या गोळा करण्याचें कार्य आरंभिलें. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांत जमा झाल्या. आणि त्या संग्रहांत गाणाऱ्या बाईचें नांव आहे, तिचें गांव आहे. इतक्या अफाट संग्रहांत जें साधलें, तें दहा तुकड्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेवर साधूं नये हें शक्य नाहीं. अडचण जागेची नाहीं, पैशाचीहि नाहीं; विचारण्याची संवय नाहीं, एवढीच अडचण आहे.

म्हणून आमच्या मासिकांतून संगीतावर लिहिणारांस माझी सूचना स्पष्ट आहे. ज्या ध्वनिमुद्रिकेंत दूरच्या किंवा जवळच्या लोकांचा आवाज वापरलेला असेल, तिचें परीक्षण करतांना तो आवाज कोणाचा, हें पहिल्या परिच्छेदांत लिहावें. वेष्टनावर तें नसेल तर तें नाहीं, असें लिहावें. आणि मग नादाच्या माधुर्याची स्तुति खुशाल करावी. हॅसेलनें आपल्या गुरूचें नांव जन्मभर सांगितलें, म्हणून किराण्याचा सूर मेंफिसच्या ट्रंपेटवर गेला तरी त्याचा पत्ता हरवला नाहीं. अफुनाक्वाचें नांव आज आपल्याला ठाऊक आहे तें झेंपनें तें लिहून ठेविलें म्हणून. तिचें अंगाईगीत पुन्हां कोठें कानीं पडलें, तर निदान मराठी वाचकानें तें मलाइता बेटावरचें म्हणून ओळखावें.